टाचेला धार लागली: पहिल्या वस्तऱ्याच्या निवडीचा क्रम बदलतोय

बारा हजार नंबरच्या दगडानंतर (नंबर मोठा तितका दगड बारीक) चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलेला वस्तरा आता बोटात लोंबता धरलेला केस टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या कोपऱ्यापर्यंत, सगळीकडे तोडतोय. शेवटचा अर्धा इंच इतके दिवस केस नुसता बाजूला सारत होता. तो प्रश्न सुटला आणि पहिला वस्तरा निवडायचा मागच्या नोंदीतला क्रम मोडला. तिथं आधी रुंदी, मग पोकळी (पात्याच्या बाजू किती खोलगट आहेत), मग टोकाचा आकार असं लिहिलं होतं. आता सगळ्यात आधी खांदा बघायचा.

शेपटी संपून पातं सुरू होतं तिथला जाड भाग म्हणजे खांदा. स्वस्तातल्या चिनी वस्तऱ्यांत तो बऱ्याचदा पाठीपेक्षा जाड असतो आणि टाचेच्या अगदी लगत येतो. पातं आडवं ठेवल्यावर दगडाला पाठ आणि धार या दोनच गोष्टी टेकायला हव्यात. इथं खांदा आधी टेकतो आणि टाचेकडची धार अधांतरी राहते. मार्कर लावून बघा की: बेव्हलवर, म्हणजे धारेलगतच्या उतरत्या पट्टीवर, रेघ ओढा, हजारच्या दगडावर दहा हलके हात मारा. टोकाला आणि मधे शाई जाते, टाचेला तशीच राहते.

अशा वेळी बोटाचा जोर द्यायचा मोह होतो, आणि नुकसान तिथूनच सुरू होतं. टाचेच्या पुढची धार खाल्ली जाते, टाच आकड्यासारखी खाली राहते आणि दाढी करताना तोच आकडा गालात रुततो. पाठही एकाच जागी झिजते, म्हणजे कोन जागोजागी वेगळा. अशा पात्याला पुढचा कितीही बारीक दगड सरळ करू शकत नाही.

उपाय दगडावर नाही, खांद्यावर आहे. धारेला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या, म्हणजे हात वाचतो. टाचेचा कोपरा ३ ते ४ मिमी पुढं घेऊन गोलाई मार्करनं आखा. काचेवर चिकटवलेल्या ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर, भरपूर पाणी घेऊन, त्या रेघेपर्यंत घासा. मग खांदा दोन्ही बाजूंनी पाठीच्या रेषेत येईपर्यंत उतरवा. वेळ खाऊ काम आहे, पण ग्राइंडरला लावू नका. पातळ पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, क्षणात उतरतं. निळी झाक दिसली की तेवढा भाग गेलाच, त्यावर धार टिकत नाही. पातं उघड्या बोटांनीच धरायचं. बोटाला सोसवेना इतकं तापलं की पाण्यात बुडवायचं.

त्यानंतर पाठीवर टेपचा एक थर, खांद्याच्या पुढून सुरू करून, आणि पुन्हा हजारपासून. पाठ ५ मिमी जाड आणि रुंदी १८ मिमी असली की कोन जवळपास १६ अंश होतो. साधारण ०.१५ मिमीची टेप त्यात एका अंशाच्या आसपास भर घालते. १५ ते १९ अंशांत असलात तर काळजी नाही. टेप घासून पातळ झाली की बदला, मात्र शेवटच्या दगडापर्यंत थर एकच ठेवा. मधेच काढलीत तर नवा दगड धारेपर्यंत पोचतच नाही.

हजारवरच, टोकापासून टाचेपर्यंत, हातावरचे केस सहज उतरले पाहिजेत. त्याआधी चार हजारला हात लावू नये. नव्या माणसाचा वस्तरा बोथट राहतो तो बहुतेक वेळा याच घाईमुळे, आणि दोष मात्र बारीक दगडाला मिळतो. पुढं चार, आठ, बारा हजार, जोर कमी करत करत.

पट्ट्याबाबत आपला बेळगावकडचा भाग नशीबवान. अथणी-निपाणीकडं कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं मिळतं. तेल न पाजलेला, गाठ नसलेला, अडीच ते तीन इंच रुंद आणि वीसेक इंच लांब तुकडा मागा. वॉटर पेपरनं गुळगुळीत करून तळव्यानं चोळत राहा. बॅगांचं क्रोम चामडं (क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं) घेऊ नका. ते ताणतं, पात्याखाली फुगतं आणि धार गोल करून सोडतं. आधी कॅनव्हासवर ३० फेऱ्या, मग चामड्यावर ५०, पलटताना पाठीवरूनच.

हे लिहितानाच एक सुचलं. पहिल्या वस्तऱ्यासाठी चार दगड घ्यायचे कशाला? १० मिमी जाडीची काच आणि १२, ५, ३, १ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म (घासणारे बारीक कण चिकटवलेलं पातळ प्लास्टिक) एवढ्यावर भागायला हवं. काच कधी पोकळ होत नाही, दगड होतो आणि सारखा सपाट करावा लागतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपात सरफेस प्लेटवर (सपाटी तपासायच्या पाटावर) काच एकदा तपासून घेतली की झालं. त्यामुळं नवा आठ हजारचा दगड मागवण्याचा बेत तूर्त बाजूला.

तर निवड अशी. खांदा टाचेपासून लांब असलेला, ५/८ किंवा ६/८ इंची, अर्धा पोकळ, गोल टोकाचा, कार्बन स्टीलचा. जर्मनीतल्या झोलिंगेनचा जुना वस्तरा मिळाला तर उत्तमच, पण काचेवर ठेवून चारही बाजूंनी दाबून बघा. डुलला तर पातं पिळलेलं आहे, परत द्या. धारेलगत गंजाची भोकं असतील तर किंमत कितीही पाडून दिली तरी नको. ‘शेव्ह रेडी’ (दाढीला तयार) या शिक्क्यावर विसंबू नका, केस तोडून दाखवा म्हणा. सलूनमधला अर्ध्या ब्लेडचा वस्तरा पहिला म्हणून घेऊ नये. तो हलका आणि ताठ असतो, कोन जरा चुकला की कापतो, आणि धार लावायला तर शिकवतच नाही.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडच्या दमट हवेत, कार्बन स्टील रात्रीत डाग धरतं. पुसून, वारा देऊन, शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते थिजतं. न्हाणीघरात ठेवू नका, चामड्याच्या म्यानात तर नाहीच.

पुढचा प्रयोग: हाच वस्तरा फिल्मवर, टेपशिवाय. पाठीवरचा झिजेचा पट्टा दर फिल्मनंतर व्हर्नियरनं मोजायचा आणि २ मिमीच्या वर गेला की टेप परत लावायची.