वय विचारलं की दीड सांगायचं

गुरुवारी इथल्या लायब्ररीत लहान मुलांच्या गाण्यांचा तास असतो. गाणी संपली, चिरंजीव दमले आणि नेहमीसारखे मांडीवर चढून माझा कुर्ता ओढायला लागले. ओढणी पुढे घेतली, त्याला आत घेतलं. शेजारच्या आजीबाई इतका वेळ त्याच्याशी छान खेळत होत्या. त्यांनी विचारलं, "हाउ ओल्ड इज द वी मॅन?" एडिंबऱ्यात पोरांना लाडाने असंच म्हणतात. आणि मी, दोन डिग्र्या आणि अकरा वर्षं नोकरी झालेली बाई, म्हणाले, "दीड."

ओढणीतून डोकं बाहेर काढून चिरंजीव ओरडले, "टू अँड अ हाफ!"

मीच शिकवलंय ते. दोन बोटं सरळ, तिसरं अर्धं दुमडलेलं. तेही त्याने दाखवलं.

"ओह. राइट," म्हणून आजीबाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. बराच वेळ शोधत होत्या. बाकी काही नाही. कोणी हाकललं नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही. पण मी खोटं का बोलले, हे तीन दिवस डोक्यातून जाईना.

राग आला की मी वाचत बसते. स्कॉटलंडमध्ये २००५चा एक कायदा आहे. सार्वजनिक ठिकाणी मुलाला दूध पाजणाऱ्या आईला मुद्दाम अडवणं हा गुन्हा, मग दूध अंगावरचं असो की बाटलीतलं. बाळ सहा आठवड्यांचं असताना हे मी मोठ्या कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'बघा, याला म्हणतात देश.' तेव्हा एक गोष्ट नजरेतून सुटली होती. या कायद्यातलं मूल म्हणजे दोन वर्षांच्या आतलं. म्हणजे वाढदिवसाचा केक कापला आणि आम्ही त्यातून बाहेर! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही पुढे पाजा. इथल्यांनी 'किंवा'च्या आधीच वही मिटली. तसा २०१०चा समानता कायदा आहे, त्यात मुलाच्या वयाची अट नाही, त्यामुळे दुकानातून किंवा कॅफेतून आम्हाला उठवता येणार नाही. पण बघणाऱ्याची नजर कुठल्या कलमात बसवणार?

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तर सरळ विचारलं, "हे आता त्याच्यासाठी आहे की तुझ्यासाठी?" तेव्हा नुसती हसले. उत्तर घरी आल्यावर सुचलं, नेहमीसारखं. असेल बाई माझ्यासाठी! २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष छापून आला होता: पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. (हे पाठ आहे, यावरूनच कळेल मी किती वेळा मनातल्या मनात भांडले असेन.)

आपल्याकडे असं नाही, असं इथे लिहिणार होते. लिहिलंही होतं. आपल्याकडे आगगाडीच्या भरल्या डब्यात बाई पदर घेऊन पाजते आणि समोरचा माणूस आपण होऊन खिडकीबाहेर बघतो. हे खरंच आहे, आणि त्याची मला फार आठवण येते. पण तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, तोडलंस की नाही अंगावरचं? म्हणून तो जेवत नाही. आणि आता दुधात राहिलंय काय, नुसतं पाणी."

"आई, पाणी नसतं गं. वर्षानंतरच्या दुधात स्निग्धांश उलट जास्त सापडलाय, संशोधन आहे तसं."

"संशोधन करणाऱ्यांनी पोरं वाढवलीत का? मुलगा आहे, उद्या शाळेत चिडवतील. कॅमेरा लाव बघू, तोंड तरी दाखव त्याचं."

"नेट स्लो आहे. आणि कमी केलंय मी, फक्त रात्रीचं उरलंय."

दुपारचे चार वाजले होते. एका हातात फोन होता, दुसऱ्या हाताने त्याचं डोकं धरलं होतं. आता हा ओरडू नये, एवढंच मनात होतं.