बायर्न म्युनिकच्या मॅचचं तिकीट, ओळख नसताना आणि ब्लॅकमध्ये न घेता : माझा अनुभव

पहिलं सांगून टाकतो, अलियान्झ अरेनाचं, म्हणजे जर्मनीतल्या बायर्न म्युनिक या फुटबॉल क्लबच्या स्टेडियमचं तिकीट रीतसर मिळतं. वेळ लागतो, चिकाटी लागते, पण मिळतं. म्युनिकला शिकायला आलेल्या आपल्या बऱ्याच पोरांचं कॉलेज गार्शिंगला आहे, म्हणजे रोज यू-६ मेट्रोने जाणं आणि वाटेत फ्रोटमानिंगला खिडकीतून ते पांढरं फुगीर स्टेडियम बघणं आलंच. मीही त्यातलाच. लहानपणापासून रात्री जागून बायर्नच्या मॅच बघितलेल्या, आणि आता स्टेडियम समोर असून आत जाता येत नाही हे काही मनाला पटेना.

अडचण अशी आहे की जागा ७५ हजार असल्या तरी त्यातल्या बऱ्याच सीझन तिकीटवाल्यांच्या, आणि क्लबचे मेंबर आहेत ४ लाखांच्या वर. त्यामुळे बुंडेसलीगाच्या, म्हणजे जर्मनीच्या मुख्य लीगच्या मॅचची तिकिटं खुल्या विक्रीला येतील आणि आपण घेऊ असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. आधी मेंबर व्हायचं. फॉर्म ऑनलाइन आहे, जर्मन बँक अकाउंट असेल तर आयबॅन, म्हणजे खात्याचा नंबर टाकला की वर्षाची फी आपोआप कापली जाते, यात काहीच अवघड नाही.

आणि इथे एक गोष्ट मला मनापासून आवडली ती सांगतो. मेंबर होणं म्हणजे नुसतं फॅन कार्ड घेणं नाही. जर्मनीत ५०+१ नावाचा नियम आहे, म्हणजे क्लबमध्ये मतांचा अर्ध्याहून जास्त हिस्सा मेंबर लोकांच्याच संस्थेकडे राहायला हवा, कुणी एक शेठ येऊन सगळं विकत घेऊ शकत नाही. बायर्नमध्ये तर ७५ टक्के मेंबरांच्या संस्थेकडे आहेत, उरलेले आदिदास, आउडी आणि अलियान्झ या कंपन्यांत सारखे वाटलेले. म्हणजे मी भरलेल्या त्या थोड्याशा पैशांनी मी त्या ७५ टक्क्यांत बसतो, सभेला जाऊन मत देऊ शकतो. आपल्याकडे सहकारी संस्था बघत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

मेंबर झालं की तिकिटासाठी अर्ज करायचा. मॅच निवडायची, किती तिकिटं हवीत, कोणत्या दरातली चालतील ते टाकायचं, आणि मग वाट बघायची. मागणी जास्त असली की सोडत काढतात. माझे अर्ज एकामागून एक नामंजूर होत गेले, डॉर्टमुंडसारख्या तगड्या टीमच्या मॅचला तर सगळा देशच अर्ज करतो त्यामुळे त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण छोट्या टीमच्या मॅचेसना अर्ज करत राहा.

याच काळात एका रीसेल साइटवर मूळ किमतीच्या कितीतरी पट भावात तिकिटं दिसत होती आणि रूममेट म्हणत होता घेऊन टाक एकदाचं. मी घेतलं नाही आणि तुम्हीही घेऊ नका. क्लबच्या नियमांत अशी विक्री बसत नाही, तिकीट रद्द होऊ शकतं आणि मग गेटवरून परत यायची वेळ येते. पैसे गेले ते गेलेच, वर ज्या मेंबरला खरंच जायचं होतं त्याची जागाही गेली.

मला शेवटी मिळालं ते क्लबच्याच त्स्वाइटमार्क्टवरून, म्हणजे ज्यांना मॅचला जाता येत नाही ते आपलं तिकीट तिथे अधिकृतपणे परत विकायला टाकतात. मॅच जवळ आली की तिथे हालचाल वाढते. पेज उघडं ठेवायचं, लॉगिन आधीच करून ठेवायचं, पेमेंटची माहिती भरून ठेवायची, आणि एकट्याचं तिकीट शोधायचं. शेजारशेजारच्या दोन जागा मिळणं फार कठीण, एक जागा मात्र अधूनमधून येते. लायब्ररीत बसलो असताना ऑग्सबुर्गच्या मॅचची वरच्या मजल्यावरची एक जागा आली आणि मी विचार न करता दाबलं. मेल आल्यावर हात थरथरत होते, खरंच.

मॅचच्या दिवशी लवकर निघा, निदान दोन तास आधी. ए-४ पेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही त्यामुळे कॉलेजची सॅक घरीच ठेवा, फोन पूर्ण चार्ज ठेवा कारण तिकीट फोनमध्येच असतं. फ्रोटमानिंगला उतरून स्टेडियमपर्यंत बरंच चालायचं असतं आणि ते चालणंच मला सगळ्यात जास्त आवडलं. बाजूला एक छोटं जुनं चर्च आहे, फ्रोटमानिंग गाव कचराडेपोसाठी उठवलं गेलं त्यातून तेवढं वाचलेलं. स्टेडियमसमोरच्या चौकाला कुर्ट लांडाउअरचं नाव आहे. हे ज्यू होते, बायर्नचे अध्यक्ष, त्यांच्याच काळात १९३२ ला क्लब पहिल्यांदा जर्मनीचा चॅम्पियन झाला, पुढच्याच वर्षी नाझी आल्यावर त्यांना पद सोडावं लागलं, १९३८ ला डाखाउच्या छळछावणीत टाकलं, नंतर स्वित्झर्लंडला पळून जावं लागलं, आणि तरी १९४७ ला परत येऊन हा माणूस पुन्हा त्याच क्लबचा अध्यक्ष झाला. तिथे दोन मिनिटं थांबाच.

जवळ गेल्यावर कळतं की बाहेरचं ते कवच म्हणजे हवा भरलेल्या पातळ प्लास्टिकच्या उशा आहेत, अडीच हजारांवर, आणि संध्याकाळी त्या आतून लाल होतात. २००५ ला उघडलं तेव्हा इथे '१८६० म्युनिक' हा शहरातला दुसरा क्लबही खेळायचा, त्यांच्या मॅचला निळं व्हायचं, २०१७ नंतर ते गेले. स्टेडियमचं कर्ज २५ वर्षांत फेडायचं ठरलं होतं, बायर्नने २०१४ लाच फेडून टाकलं.

वरचा मजला ३४ अंशांत उभा चढत जातो, जिना चढताना धाप लागते, पण तिथून सगळा खेळ नकाशासारखा दिसतो. टीव्हीवर बॉलच दिसतो हो, इथे बायर्नच्या मुसियालाने बॉल मिळायच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघितलं ते दिसलं, डिफेन्सची आख्खी ओळ एकदम चार पावलं वर सरकली ते दिसलं. हॅरी केन या खेळाडूचं नाव घेताना निवेदक नुसतं "हॅरी" म्हणतो आणि सगळं स्टेडियम "केन" ओरडतं, मीही ओरडलो. समोर झ्युडकुर्वेत, म्हणजे दक्षिणेकडच्या कट्टर फॅन्सच्या स्टँडमध्ये, लोक उभे राहून पूर्ण नव्वद मिनिटं गातात, एक क्षण थांबत नाहीत.

परत जाताना स्टेशनवर प्रचंड गर्दी होते, पोलीस थोडे थोडे करून सोडतात, घाई नसेल तर अर्धा तास थांबून निघा. आता माझे अर्ज झ्युडकुर्वेतल्या उभ्या जागेसाठी चालू आहेत. ती तिकिटं सगळ्यात स्वस्त आणि मिळायला सगळ्यात अवघड, पण एकदा तिथे उभं राहून गायचंच आहे, आणि त्यासाठी गाण्यांचे शब्द आत्तापासून पाठ करतोय.