डायसन अवॉर्डचा फॉर्म आणि माझे चार डबे

आजीला ॲडमिट केलेलं तेव्हा रात्री सलाईनवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं, पहाटे जरा डोळा लागला आणि बाटली रिकामी, नळीत रक्त उलटं चढलेलं. सिस्टर धावत आल्या म्हणून निभावलं. मी तेव्हा फोंड्याला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्ट तिथेच ठरला: बाटली लोडसेलला (वजन मोजणाऱ्या सेन्सरला) टांगायची, वजन कमी झालं की मोबाईल वाजणार.

सर म्हणाले, जेम्स डायसन अवॉर्डला पाठव. हा बिनपिशवीच्या व्हॅक्यूम क्लीनरवाला, ५१२६ मॉडेलं फसली आणि ५१२७वं चाललं. त्याच्या फाउंडेशनची ही विद्यार्थ्यांच्या डिझाईनची स्पर्धा, फी काही नाही, देशात पहिला आलात तर ५००० पाऊंड. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागाला त्यांनी देणगी दिलीय, आणि २०१७ पासून स्वतःची इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूट चालवतात, तिथे फी नाही, उलट पोरांना पगार! (आईला हे सांगितलं तर म्हणाली, मग तू इथे काय करतोयस.)

फॉर्म सोपा वाटला, पण 'डिझाईन कसं घडत गेलं' या रकान्यात अडकलो. मी फक्त शेवटच्या चकाचक डब्याचा, म्हणजे यंत्राच्या शेवटच्या मॉडेलचा, फोटो लावलेला. सर म्हणाले, फसलेले कुठेत? आता एक भंगारात गेलेला, एकाचे पार्ट काढून दुसऱ्यात घातलेले, आणि पहिला, पंखा लावला की बाटली हलून बोंबलायचा तो, आईने सुया-दोऱ्यांसाठी घेतलेला. सुया काढून, पुसून त्याचा फोटो काढला. चार डबे म्हणून लिहिले, फोटो दोघांचेच.

मग 'वेगळं काय' लिहायला जुने विजेते बघितले. २०२३ला कोरियाच्या पोरांनी फुग्याच्या दाबावर चालणारं सलाईन केलेलं, ते वर टांगावंच लागत नाही. मी स्टँडला घंटा बांधत बसलेलो आणि त्यांनी स्टँडच उडवला! तो रकाना तीनदा खोडला, शेवटी खरं तेच लिहिलं, की माझं स्वस्त आहे आणि वॉर्डात आहे त्याच स्टँडला लागतं.

व्हिडिओ अपलोड करताना जुलैचा पाऊस, लाईट गेली, ८० टक्क्यांवर अडकला, मग रात्री स्कूटर काढून पणजीला मावशीकडे जाऊन पाठवला. निकालात नाव नाही आलं. पाचवा डबा सध्या टेबलावर आहे, पंखा चालू ठेवूनच टेस्ट करतोय.