लायकिपियातले निर्वासित

केनियाच्या जंगलांत चिंपांझी नाहीत. पूर्व आफ्रिकेत ते युगांडा, टांझानिया, रवांडा आणि बुरुंडी येथील अरण्यांत आढळतात. केनियातील उंच गवताचा आणि काटेरी बाभळींचा मुलूख आज त्यांचा नाही. असे असूनही माउंट केनियाच्या पश्चिमेला, लायकिपियाच्या पठारावर, ओल पेजेटा नावाच्या संरक्षित क्षेत्रात तिसाहून अधिक चिंपांझी गेली कित्येक वर्षे राहत आहेत. त्यांतला एकही आपणहून तिथे आलेला नाही. प्रत्येकाला कुणीतरी कुठून तरी सोडवून आणलेले आहे. आपल्याकडून केनियाला जाणारी बहुतेक मंडळी मसाई मारा आणि नाकुरूचे सरोवर पाहून परततात. मी मात्र या वेळी नैरोबीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला आधीच कळवून ठेवले होते की, बाकी काही राहिले तरी चालेल, ओल पेजेटातल्या स्वीटवॉटर्स या आश्रयस्थानाचे चिंपांझी पाहायचे आहेत.

नैरोबीहून उत्तरेला नान्युकी साधारण दोनशे किलोमीटर आहे. थिका मागे पडले की रस्ता चढू लागतो, चहाचे आणि कॉफीचे मळे दिसू लागतात आणि आकाश स्वच्छ असेल तर उजव्या हाताला माउंट केनियाची सुळकेदार शिखरे उघडी होतात. नान्युकीजवळ विषुववृत्ताची पाटी आहे. विषुववृत्तावर असूनही हवा थंड असते, कारण हा भाग समुद्रसपाटीपासून जवळजवळ दोन हजार मीटर उंचावर आहे. तिथून ओल पेजेटाचे फाटक जवळच. क्षेत्र सुमारे ३६० चौरस किलोमीटरचे, म्हणजे नव्वद हजार एकरांचे. जगातल्या शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंड्याच्या माद्या, नाजिन आणि फातू, येथेच कडक पहाऱ्यात आहेत. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

चिंपांझींचे आश्रयस्थान या क्षेत्राच्या आत, एवासो न्यिरो नदीच्या दोन्ही काठांवर वसवलेले आहे. ते १९९३ साली सुरू झाले आणि त्यामागे बुरुंडीतील यादवी युद्ध होते. टांगानिका सरोवराच्या उत्तर टोकाशी असलेल्या बुजुम्बुरा शहरात चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांच्या संस्थेने बेवारस चिंपांझींसाठी एक निवारा चालवला होता. त्याच सरोवराच्या काठाने दक्षिणेला गेले की टांझानियातले गोंबे लागते, जिथे गुडॉल यांनी १९६० मध्ये आपला प्रदीर्घ अभ्यास सुरू केला. बुरुंडीत १९९३ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली, देश पेटला आणि त्या निवाऱ्यातील प्राण्यांना हलवण्यावाचून पर्याय उरला नाही. केनिया वन्यजीव सेवा, ओल पेजेटाचे चालक आणि गुडॉल यांची संस्था यांनी मिळून त्यांना येथे जागा दिली. माणसांच्या युद्धामुळे माणसांप्रमाणेच निर्वासित झालेले हे पहिले रहिवासी. पुढे इतर ठिकाणांहून सुटका झालेले आणखी येत गेले.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारच्या खाण्याची वेळ जवळ आली होती. विजेच्या उंच कुंपणापलीकडे झाडीतून आधी आरोळ्या ऐकू आल्या. एकाने सुरुवात केली, दुसऱ्याने साथ दिली, आणि मग सगळी टोळीच ओरडू लागली. त्यानंतर ते एकेक करून बाहेर आले. सर्वांत पुढे एक धिप्पाड नर अंगावरचे केस फुलवून धावत आला आणि त्याने हातातली फांदी जमिनीवर आपटली. माझी भाची माझ्या मागे सरकली. देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने तिला शांतपणे सांगितले की, हा राग नव्हे, आपण म्होरक्या आहोत हे तो सगळ्यांना दाखवून देत आहे आणि त्यात आपणही आलो. फळे आणि भाज्या कुंपणावरून दूरदूर फेकल्या जातात, कारण एकाच ठिकाणी ठेवल्या तर बलवान नर सगळे बळकावतील आणि दुबळे उपाशी राहतील.

“मावशी, ते नदी ओलांडून पळून जात नाहीत का?” भाचीने विचारले. चिंपांझींना पोहता येत नाही. म्हणूनच येथे दोन वेगळ्या टोळ्या दोन काठांवर सुरक्षितपणे राहू शकतात. अनोळखी टोळ्या एकत्र आल्या तर नरांमध्ये जीवघेण्या लढाया होतात आणि त्या रानातही होतातच. दिवसभर ही मंडळी कुंपणाच्या आतल्या मोकळ्या झाडीत हिंडतात आणि संध्याकाळी आपापल्या निवाऱ्यात परततात.

येथे येणारा प्रत्येक प्राणी साधारणपणे पिल्लू असतानाच पकडला गेलेला असतो, आणि पिल्लू पकडण्याची रीत समजल्यावर त्या गोजिरवाण्या चेहऱ्यांकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही. चिंपांझीचे पिल्लू चार-पाच वर्षे आईच्या अंगावर पिते आणि आठ-दहा वर्षांचे होईपर्यंत तिच्या सोबतीने राहते. ते आईच्या पोटाला घट्ट धरून असते आणि आई त्याला जिवंतपणी सोडत नाही. त्यामुळे पिल्लू हवे असेल तर आईला मारावे लागते, आणि तिच्या मदतीला धावून येणाऱ्यांनाही. एका जिवंत पिल्लामागे दहापर्यंत प्रौढ मारले जातात, असा अंदाज अभ्यासक देतात. मारलेल्यांचे मांस बाजारात विकले जाते आणि पिल्लू हा वरचा नफा असतो. लाकूडतोडीसाठी जंगलात आतपर्यंत रस्ते गेल्यापासून शिकाऱ्यांना वाट सोपी झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. २००५ ते २०११ या काळात अवैध व्यापारापायी किमान २२ हजारांहून अधिक महावानर (चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान) जंगलातून नाहीसे झाले, असा अंदाज त्यात मांडला आहे. त्यांत जवळजवळ दोन तृतीयांश चिंपांझी होते. ज्या जातीची जगातली एकूण संख्या दोन-तीन लाखांच्या घरात आहे, तिच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

विकत घेणाऱ्याला दोन-तीन वर्षे मौज वाटते. मग पिल्लू मोठे होऊ लागते. पाच-सहा वर्षांचा चिंपांझी माणसाला जबर जखमी करू शकतो, आणि प्रौढ नराच्या ताकदीपुढे तर घरातल्या कुणाचाच निभाव लागत नाही. तिथून पिंजरा सुरू होतो.

पोको नावाच्या चिंपांझीची हकीकत येथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जाते. बुजुम्बुरात एका गॅरेजवर गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी त्याला उंच टांगलेल्या अरुंद पिंजऱ्यात ठेवले होते. आडवे होता येईल किंवा हातपाय पसरता येतील एवढीही जागा त्यात नव्हती. तो उभा राहू शकत होता, एवढेच. अशी नऊ वर्षे गेली. १९९५ मध्ये त्याची सुटका झाली, पण शरीराने उभे राहणे इतके अंगवळणी पाडून घेतले होते की तो पुढेही माणसासारखा दोन पायांवर चालत राहिला. पर्यटक ते पाहून हसतात आणि मोबाइल बाहेर काढतात, असे कर्मचाऱ्याने सांगितले, तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. माझ्या मनात मात्र ती होती. त्या चालण्यात विनोदी असे काहीही नाही. ते नऊ वर्षांच्या बंदिवासाचे व्यंग आहे.

दुसरी हकीकत मान्नोची. त्याला आफ्रिकेतून चोरट्या मार्गाने दमास्कसला आणि तिथून इराकी कुर्दिस्तानातील दुहोकच्या एका खासगी प्राणिसंग्रहालयात नेण्यात आले होते. तिथे त्याला लहान मुलांचे कपडे घालून लोकांपुढे आणत आणि गोळ्या-मिठाया व सरबते देत. एका कॅनेडियन शिक्षकाने त्याला पाहिले आणि तो त्याच्या सुटकेसाठी चिकाटीने मागे लागला. युद्धाच्या छायेतल्या त्या प्रदेशातून, असंख्य परवाने मिळवून, २०१६ च्या नोव्हेंबराच्या अखेरीस मान्नोला केनियात आणले गेले. तेव्हा तो चार वर्षांच्या आसपासचा होता. त्या कपड्यांचे वर्णन ऐकताना मला लहानपणी आमच्या गल्लीत डमरू वाजवत येणारा माकडवाला आणि झगा घातलेली त्याची माकडीण आठवली. आम्ही मुले टाळ्या वाजवून तिला नवऱ्याकडे कशी नांदायला जातेस ते करून दाखवायला सांगत असू. भारत सरकारने १९९८ च्या अधिसूचनेने माकडे, अस्वले, वाघ, बिबटे आणि सिंह यांचे असे खेळ बंद केले, ते योग्यच झाले.

मान्नोचे खरे पुनर्वसन केनियाच्या विमानतळावर उतरल्यावर सुरू झाले, आणि हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. कोणताही नवा चिंपांझी आधी विलगीकरणात ठेवतात. क्षय, कावीळ, साधी सर्दी असे माणसाचे आजार त्यांना होतात आणि एका आजारी प्राण्यामुळे सगळी टोळी धोक्यात येऊ शकते, म्हणून तपासण्या पूर्ण होईपर्यंत घाई करत नाहीत. त्या काळात माणूसच त्याची सोबत असतो. काही जण तासन्‌तास डुलत बसतात, काही आपलेच केस उपटतात, काहींना झाडावर चढायचेही माहीत नसते. त्यानंतर त्याला इतर चिंपांझी दाखवायचे, पण जाळीआडून. एकमेकांचा वास घ्यायचा, बोटे जाळीतून पलीकडे घालायची, एकमेकांचे केस निवडायचे, हे सुरळीत होऊ लागले की एखाद्या शांत स्वभावाच्या मादीबरोबर त्याला एकत्र सोडायचे. मग दुसरी, मग तिसरी. मान्नोच्या बाबतीतही आधी माद्या आणि नंतर हळूहळू बाकीचे, असेच झाले. पूर्ण वाढलेल्या नरांशी गाठ सगळ्यांत शेवटी घालतात, कारण तिथे चूक झाली तर जीव जातो. तोपर्यंत नवख्याच्या बाजूने उभी राहणारी एखादी मादी टोळीत तयार झालेली असावी लागते.

ज्याने आयुष्यात दुसरा चिंपांझी पाहिलेलाच नाही, त्याला वाकून अभिवादन कसे करावे, मार खाल्ल्यावर हात पुढे करून समेट कसा मागावा, कोणाच्या पुढ्यातले फळ उचलू नये, हे कोणता माणूस शिकवणार? ते फक्त दुसरे चिंपांझीच शिकवू शकतात. कर्मचाऱ्यांचे कसब असे की, ज्या पिल्लाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवले, त्याला आपली गरज उरणार नाही अशी व्यवस्था ते स्वतःच करतात. टोळीत सामावलेल्या चिंपांझीजवळ मग तेही जाळीशिवाय जात नाहीत. काही पर्यटकांना चिंपांझीला हात लावता येत नाही याचे वाईट वाटते. मला मात्र ती मनाई पाहूनच या जागेविषयी विश्वास वाटला.

येथे पिल्ले जन्मू दिली जात नाहीत. माद्यांना गर्भनिरोधक दिले जाते. हे ऐकून मी बराच वेळ अस्वस्थ होते, कारण ज्यांची आई माणसाने हिरावली त्यांनाच आई होण्यापासून पुन्हा माणसाने रोखावे, हे मनाला पटेना. पण जागा आणि पैसा मर्यादित आहे, आणि येथे जन्मलेल्या प्रत्येक पिल्लामागे बाहेर पिंजऱ्यात खितपत पडलेल्या एकाची जागा जाते. शिवाय त्या पिल्लालाही आयुष्यभर कुंपणातच राहावे लागेल. या विचारापुढे मी माझा आक्षेप मागे घेतला.

यांना परत जंगलात का सोडत नाहीत, हा प्रश्न सगळेच विचारतात. केनियात त्यांचे जंगल नाही, हे एक उत्तर. दुसरे असे की, जिथे जंगल आहे तिथे आधीपासून चिंपांझी आहेत आणि ते परक्यांना, विशेषतः नरांना, ठार करतात. काँगो प्रजासत्ताकातील कोंकुआती येथे १९९६ ते २००१ या काळात ३७ अनाथ चिंपांझी रानात सोडले गेले आणि त्यांतले बरेच तगले, पण ते रानात जन्मलेले होते आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागले. माणसाच्या सवयीने बिघडलेल्यांना ती वाट बंद असते. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातही पिंजऱ्यातच आयुष्य काढणारे बिबटे आहेत. ज्यांचा पाय फासात तुटला किंवा डोळा गेला, त्यांना उसाच्या रानात परत कसे सोडणार?

हा व्यापार आपल्यापासून दूर आहे असेही नाही. २०१९ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कोलकात्यातल्या एका व्यक्तीकडचे तीन चिंपांझी आणि चार मार्मोसेट माकडे आर्थिक गैरव्यवहाराच्या कायद्याखाली जप्त केली. चिंपांझींची किंमत प्रत्येकी २५ लाख रुपये धरली होती. ते अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयात ठेवले गेले. धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात चिंपांझी असूनही ते भारतात एका घरापर्यंत पोहोचले होते.

निघताना मी त्या कर्मचाऱ्याला विचारले की, उद्या हा व्यापार पूर्ण थांबला तर आश्रयस्थान बंद करता येईल का. त्याने नकारार्थी मान हलवली. नीट सांभाळलेला चिंपांझी पन्नास वर्षे सहज जगतो. मान्नो २०१६ मध्ये चार वर्षांचा होता, म्हणजे एकही नवा प्राणी आला नाही तरी २०६० पर्यंत येथे रोज फळे चिरावी लागतील, कुंपणातली वीज तपासावी लागेल आणि संध्याकाळी सगळे परतले का ते मोजावे लागेल. तोवर आपण निवृत्त झालेले असू, म्हणून आत्ताच दोन तरुणांना सगळ्यांचे स्वभाव शिकवतो आहे, असे सांगून तो त्या दोघांना घेऊन दुसऱ्या काठावरच्या टोळीला खाणे द्यायला गेला.