अडीच फुटाची गाडी

परवा घरातली जुनी लोखंडी कॉट हलवताना सहज टेप लावला, तीन फूट भरली, अन् डोक्यात आलं की आमची नागपूर-नागभीडची छोट्या लाइनीची गाडी तर या कॉटपेक्षाही अर्धा फूट कमी जागेवर धावायची! रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मोठ्या लाइनीचं, म्हणजे ब्रॉडगेजचं, 1676.

बंगाल नागपूर रेल्वेने 1908 साली ही लाइन सुरू केली. छोटी लाइन टाकायला स्वस्त, मातीकाम कमी, पूल हलके, वळणंही आखूड घेता येतात, पण माल पुढे मोठ्या लाइनीने न्यायचा म्हटलं की पोती छोट्या वॅगनमधून उतरवा अन् मोठ्या वॅगनमध्ये भरा. यात बचत किती अन् हमाली किती ते इंग्रजच जाणे.

आम्ही आपले नागपूरच्या इतवारी स्टेशनहून भिवापूरला आत्याकडे जायचो. कुही, उमरेड करत गाडी आरामात चालून राहिली, खिडकीतून धुरळा, अन् डबा इतका अरुंद की समोरच्याच्या गुडघ्याला आपला गुडघा लागणारच, मग दोघांनीही एकाच बाजूला तिरपे करायचे, हे कोणी कोणाला सांगत नसे. येताना कोणी भिवापुरी मिरचीचं पोतं चढवलं की झालं बाप्पा! एक जण शिंकला की रांगेने सगळा डबा, आणि पोतंवाली बाई मात्र पदर नाकाला लावून खिडकीबाहेर बघणार, जसं काही पोतं तिचं नाहीच. त्या मिरचीला आता जीआय टॅग, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, आहे, आमच्या नाकांनी तो कधीचाच दिला होता.

नोव्हेंबर 2019 मध्ये ब्रॉडगेज करायला गाडी बंद झाली. खूप जण हळहळले, त्यातले निम्मे तरी कधी तिच्यात बसले नसतील. मला विचाराल तर व्हायलाच पाहिजे होतं ते, रोज अपडाउन करणाऱ्याला गंमत नको असते, वेळेवर पोचायचं असतं.

तरी मागच्या रविवारी आईला कडबी चौकाजवळच्या मोतीबागच्या नॅरोगेज, म्हणजे छोट्या लाइनीच्या, म्युझियममध्ये घेऊन गेलो. एका उभ्या डब्यात शिरलो, आत आम्ही दोघंच. आई बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली, अन् समोर कोणी नसताना गुडघे तिरपे केले.