चेरी श्रिंपचा लाल रंग: खाद्याच्या डबीआधी बघायच्या गोष्टी

टाकीत पाळलेल्या चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या लाल कोळंब्या, फिक्या दिसायला लागल्या की बहुतेक जण आधी रंग खुलवणारं खाद्य आणतात. खरं तर तो शेवटचा उपाय. त्याआधी वाण, तळ आणि पाणी बघायचं, आणि तेही याच क्रमाने.

चेरी श्रिंपचं शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. निसर्गात ही तपकिरी, बरीचशी पारदर्शक असते. लाल रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणला आहे, त्यामुळे निवड थांबली की तो ओसरू लागतो. लाल, निळ्या आणि पिवळ्या एकाच टाकीत सोडल्या तर त्यांचा संकर होतो आणि पिल्लं बहुधा पुन्हा तपकिरीच निघतात. दुकानदार 'मिक्स रंग' म्हणून विकतो ती पिशवी दिसायला छान असते, पुढच्या पिढीचं मात्र त्यात वाटोळं होतं. एका टाकीत एकच रंग ठेवा. आणि नर मादीपेक्षा लहान आणि फिकाच असतो, त्याला आजारी समजू नका.

तळाचा परिणाम सगळ्यात लवकर दिसतो. कोळंबीच्या रंगपेशींतलं रंगद्रव्य गडद तळावर पेशीभर पसरतं आणि पांढऱ्या वाळूवर आकसून मधोमध गोळा होतं. लपायची ही तिची पद्धत. म्हणून ३ ते ४ सेंटीमीटर काळी बारीक वाळू घाला आणि मागच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा. वाळू रंगवलेली तर नाही ना, हे ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा. तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून फेस आला तर तीत चुना आहे, ती पाणी जड करत राहील. लपायला जावा मॉस या पाणशेवाळाचा भरपूर पुंजका हवा. सोबत मोठे मासे असतील तर कोळंब्या दडून बसतात आणि फिक्याच राहतात.

पाण्याचे आकडे असे धरा: पीएच ६.५ ते ७.८, जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) ६ ते ८, केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट) २ ते ५, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १५० ते २५०, तापमान २० ते २६ अंश. मुंबईचं तलावांचं पाणी मऊ असतं, त्यात श्रिंपसाठी मिळणारे जीएच वाढवणारे क्षार घालावे लागतात. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी उलट, खूप जड. टीडीएस ६०० असलेलं १ लिटर बोअरचं पाणी आणि टीडीएस ३० असलेलं ३ लिटर आरओचं पाणी मिसळलं की साधारण १७० येतो. पण टीडीएसमध्ये मीठही मोजलं जातं, तेव्हा जीएचची थेंबांची चाचणी वेगळी कराच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. आठवड्याला फक्त १० टक्के पाणी बदला आणि नवं पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडा. एकदम अर्धं पाणी बदललं की कोळंबी अवेळी कात टाकते, मानेमागे पांढरी कडी दिसते आणि ती कातीत अडकून मरते. एप्रिल-मेमध्ये टाकी ३० अंशांवर जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की २ ते ३ अंश उतरतात. उडालेल्या पाण्याची भरपाई मात्र आरओच्याच पाण्याने करा, नाहीतर क्षार साचत जातात.

आता खाद्य. लाल रंग अ‍ॅस्टाझँथिनचा. हे कॅरोटिनॉइड गटातलं रंगद्रव्य. कोळंबी कॅरोटिनॉइड स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच यावे लागतात. स्पिरुलिना, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर या सगळ्यांत ते असतात. भोपळ्याची साल काढून नखाएवढा तुकडा २ मिनिटं उकळा, गार करून टाका आणि ३-४ तासांनी काढून घ्या. बाजारातला पालक टाळलेला बरा: फवारणीचा अंश राहिला तर सगळी टाकी एका रात्रीत संपते. देशी बदामाचं झाडावरून गळालेलं कोरडं तपकिरी पान मात्र बिनधास्त टाका, २० लिटरला एक. त्यावर जो बुळबुळीत थर धरतो, तोच कोळंब्यांचा खरा आहार. डबीतलं खाद्य आठवड्यातून ३-४ वेळाच आणि दोन तासांत संपेल एवढंच. उरलं तर पाणी नासतं आणि काचेवर प्लॅनेरिया हे चपटे किडे दिसू लागतात. फरक कळायला काही आठवडे आणि दोन-तीन काती जाव्या लागतात.

पिल्लं दोन महिन्यांची झाली की निवडीला बसा. लालसर प्रकाश देणाऱ्या दिव्याखाली सगळ्याच लाल दिसतात, म्हणून पांढऱ्या उजेडात बघा. चांगल्या मादीचे पायही लाल असतात आणि कवचात पारदर्शक खिडक्या नसतात. नरही निवडायचाच, पिल्लांचा निम्मा वारसा त्याचा असतो. उरलेल्या कोळंब्या दुसऱ्या टाकीत हलवा.

प्रवासातून आलेल्या फिक्या कोळंब्यांना दोन आठवडे तरी द्या. पण अंगातलं मांस दुधासारखं पांढरं दिसत असेल तर तो रंगाचा प्रश्न नाही, आजार आहे. ती कोळंबी लगेच वेगळी काढा. घरात झुरळांचा फवारा मारणार असाल तर त्या खोलीतला एअरपंप बंद ठेवा आणि टाकी झाका: ती औषधं कोळंब्यांनाही मारतात.