तंबूला चार चेन, कुंपण एकही नाही : मसाई मारातले चार दिवस

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यातून आल्यापासून जो तो एकच विचारतोय, सिंह दिसले का? दिसले हो. पहिल्याच संध्याकाळी सात दिसले, त्यातले सहा झोपलेले होते आणि सातवा उठून आमच्या गाडीच्या सावलीत येऊन झोपला. पण मला सांगायचंय ते कॅम्पबद्दल, कारण दिवसातले जेमतेम सहा-सात तास तुम्ही गाडीत असता, बाकी सगळा वेळ कॅम्पवरच जातो आणि त्याबद्दल आम्हाला जायच्या आधी कोणी धड काही सांगितलंच नव्हतं.

आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई ६७ वर्षांच्या, पक्क्या शाकाहारी, आणि त्यांच्यासोबत शेंगदाण्याच्या चटणीचा एक स्टीलचा डबा, ज्याच्यावर सासऱ्यांचं नाव घातलेलं आहे. हा डबा लक्षात ठेवा.

आधी कटकटी सांगून टाकते. यलो फीव्हरची लस जायच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि लसीचं ते पिवळं कार्ड तिकडे जाताना विचारू शकतात पण परत येताना आपल्या एअरपोर्टवर जास्त लागतं, नसेल तर सहा दिवस क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. साठीच्या पुढच्या माणसांना ही लस सरसकट देत नाहीत, डॉक्टर आधी तपासतात, सासूबाईंच्या बाबतीत त्यात आमचे दोन आठवडे गेले. व्हिसाची भानगड मात्र आता नाही, २०२४ पासून ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढायची. दुसरी कटकट सामानाची. नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टवरून माराला जी छोटी विमानं जातात त्यात माणशी १५ किलो, हँडबॅग धरून, आणि बॅग मऊ हवी, चाकांची कडक पेटी आत बसतच नाही. हे आमच्या एजंटने सांगितलं आदल्या रात्री, नैरोबीच्या हॉटेलात, फोनवर! रात्री अकरा वाजता तीन ट्रॉली बॅगा पलंगावर उपड्या करून आम्ही नैरोबीत घेतलेल्या दोन रेक्झिनच्या पिशव्या आणि एक जिमची बॅग भरत बसलो, नवरा म्हणाला स्वेटर कशाला, आफ्रिका आहे, आणि मी ऐकलं. प्लॅस्टिकच्या पिशव्या तर नेऊच नका, केनियात २०१७ पासून बंदी आहे.

विमान पाऊण तासात मातीच्या धावपट्टीवर उतरलं, म्हणजे उतरायच्या आधी खालून एक जीप पट्टीवर फेरी मारून झेब्रे हाकलत होती ते आम्ही वरून बघितलं. आमचा गाईड तिथेच उभा होता, तिथल्या मसाई जमातीचा, उंच, हसरा. वाकून सासूबाईंना म्हणाला, "कारिबू, मामा!" सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "अगं, मी याची मामा कधी झाले?" स्वाहिलीत, म्हणजे तिकडच्या भाषेत, वयस्कर बाईला मानाने मामा म्हणतात. पुढचे चार दिवस त्या अख्ख्या कॅम्पच्या मामा होत्या, आणि तिसऱ्या दिवशी "कोण आहे?" विचारल्यावर आतून "मामा!" असं उत्तर पण यायला लागलं. गाईडने गाडीकडे हात करून "गारी" म्हटलं तेव्हा तर त्यांना फार आनंद झाला, कारण गाडीला गारी, दुकानाला दुका, चहाला चाय आणि चपातीला चपाती. यातलं बरंचसं आपल्याकडूनच गेलेलं, व्यापाऱ्यांबरोबर आणि नंतर १८९६ पासून रेल्वे बांधायला नेलेल्या हजारो मजुरांबरोबर.

तंबू म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर शाळेतला स्काऊटचा कॅम्प. हा तसा नाही. लाकडी चौथऱ्यावर जाड कॅनव्हास, आत चांगले पलंग, मच्छरदाणी, मागच्या बाजूला संडास-बाथरूम, नळाला ठरावीक वेळी गरम पाणी. लाइट सोलरवर, चार्जिंग जेवणाच्या मोठ्या तंबूत, वायफायही तिथेच आणि तेही मूड असेल तेव्हा. प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो. भिंती नाहीत, दार नाही, फक्त चेन. मी मोजल्या, चार.

आणि कुंपण नाही. हे मला तिथे पोचल्यावर कळलं. मॅनेजर बाई स्वागताचं सरबत हातात देऊन अगदी सहज म्हणाल्या की आमच्याकडे कुंपण नाही, त्यामुळे अंधार पडल्यावर एकट्याने तंबूबाहेर पडायचं नाही, टॉर्च हलवायचा, आस्कारी येईल. आस्कारी म्हणजे पहारेकरी, लाल शुका, म्हणजे मसाई लोकांची चादर, पांघरलेला, हातात भाला आणि टॉर्च. जेवायला जाताना पुढे तो, मधे सासूबाई, मागे आम्ही. सगळ्याच लॉजला असं नसतं, काही ठिकाणी विजेचं कुंपण असतं, तेव्हा बुक करतानाच विचारून घ्या. मला आधी कळलं असतं तर मी कुंपणवालाच शोधला असता आणि मोठ्या मजेला मुकले असते.

कारण रात्र. पहिल्या रात्री दोन वाजता बाहेर कुणीतरी गवत उपटत होतं. खर्रर्र, खर्रर्र, मग चावल्याचा आवाज, मग एक लांब सुस्कारा. गोठ्यातली म्हैस असते ना, अगदी तस्सं, फक्त माझ्या उशीपासून चार फुटांवर. मधे कॅनव्हास. पाणघोडा होता, दिवसभर मारा नदीत बसतात आणि रात्री चरायला वर येतात, दीड टनाचं धूड. मी नवऱ्याला चिमटा काढला, तो जागाच होता, दोघंही श्वास रोखून पडलो, अर्धा तास. बाजूच्या तंबूत सासूबाई एकट्या, मला त्यांचीच काळजी, तर सकाळी त्या म्हणतात, "छान झोप लागली गं, ती गरम पाण्याची पिशवी कमरेखाली घेतली होती. यांना कसं कळलं माझी कंबर दुखते?" ती पिशवी रोज रात्री प्रत्येकाच्या पांघरुणात ठेवतात, कारण मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा उंच, आणि पहाटे हुडहुडी भरते. स्वेटरबद्दल नवऱ्याशी मी त्या दिवशी बोललेच नाही.

दुसऱ्या रात्री झाडावरून कुणाचातरी गळा दाबल्यासारख्या किंकाळ्या. मला वाटलं बिबट्याने माणूस नेला. आस्कारी हसत म्हणाला हायरॅक्स, मांजराएवढा केसाळ प्राणी, आणि सकाळी गाईडने सांगितलं की हा हत्तीचा लांबचा नातेवाईक. नातेवाईकांचं असंच असतं.

दिवसाचं वेळापत्रक सूर्याचं. विषुववृत्त जवळ, त्यामुळे बारा महिने साडेसहाला उजाडतं आणि साडेसहाला मावळतं. साडेपाचला तंबूबाहेर "जांबो!" आणि चहा-बिस्किटं, सव्वासहाला गाडी, दहापर्यंत परत, मग दुपारी चारपर्यंत काही नाही. काहीच नाही! आपल्याला सात दिवसांत सतरा पॉइंटची सवय, पहिल्या दुपारी आम्ही येरझाऱ्या घालत होतो, दुसऱ्या दुपारी झोपलो, तिसऱ्या दुपारी खुर्ची टाकून नदीतल्या पाणघोड्यांची भांडणं बघत बसलो आणि चार कधी वाजले कळलं नाही.

खाण्याची काळजी करू नका. शाकाहारी आहोत असं आधी कळवलं की वेगळं करतात. चपाती जाड, पदर सुटलेली, भरपूर तेलाची, आणि सुकुमा विकी म्हणून हिरवी पालेभाजी, सासूबाईंच्या मते फोडणीला लसूण कमी. खाऊ मात्र तंबूत ठेवायचा नाही, माकडं चेन उघडतात, त्यामुळे चटणीचा डबा पहिल्या दिवशीच किचनमध्ये जमा झाला. तर रोज रात्री वेटर ट्रेवर पांढरा रुमाल, त्यावर छोटी वाटी, त्यात दोन चमचे चटणी, आणि "फॉर मामा" म्हणून पेश करायचा. शेवटच्या रात्री खुद्द आचारी बाहेर आला, यात काय काय आहे विचारायला. सासूबाईंनी हातवारे करून कुटून दाखवलं.

पैशाचं सांगते. ऑगस्टमध्ये नुसती मारा रिझर्व्हची फी परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर होती, जानेवारी ते जून तीच १००. ती पॅकेजमध्ये धरलीय का ते लेखी विचारा. जुन्या छपाईच्या डॉलरच्या नोटा कुणी घेत नाही. टिप गाईडला वेगळी, आम्ही रोजचे १५ डॉलर दिले, बाकी स्टाफसाठी एक पेटी असते.

आणि मायग्रेशन, म्हणजे वाइल्डबीस्ट या गाईसारख्या दिसणाऱ्या हरणांचे कळप चाऱ्यासाठी नदी ओलांडून जातात ते. त्यासाठी तर ऑगस्ट निवडला होता. नदीकाठी साडेतीन तास गाडीत बसलो, समोर हजारेक वाइल्डबीस्ट कड्यावर गोळा झाले, पुढच्याने पाण्यात तोंड घातलं, मागच्यांनी ढकलाढकली केली, एक मगर थोडी सरकली, आणि सगळे वळून परत चरायला गेले. गाईड म्हणाला, उद्या. उद्या आम्ही विमानात होतो. मला वाईट वाटलं पण नवऱ्याइतकं नाही, त्याने नवी लेन्स घेतली होती.

निघताना घाई झाली. धावपट्टीवर पिशव्या वजनाला लावल्या, तिन्ही बसल्या १५ मध्ये, मी खूश, आणि सासूबाई एकदम थबकल्या. डबा किचनमध्येच राहिला. विमान समोर उभं, कॅम्प चाळीस मिनिटांवर. "जाऊ दे," म्हणाल्या, "चटणी त्या आचाऱ्याला आवडली होती." विमान उडालं, खाली हत्तींचा कळप दिसत होता, पिल्लासकट, मी त्यांना खिडकीतून दाखवत होते. बराच वेळ त्यांनी खाली बघितलं.

"झाकण इतकं घट्ट बसायचं गं त्याचं," म्हणाल्या.